शांतबाबांचं दुसरं मनगट

वसतिगृहाच्या अभ्यासिकेत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर, खिडक्यांत, जमिनीवर होऊ घातलेले डॉक्टर दाटीवाटीने बसले होते. डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा दोन दिवसांवर आली होती. तीत पास झाले तर डॉक्टर, नाहीतर इतक्या वर्षांचं जागरण पाण्यात. कोणाला झोप नव्हती. आणि पुढे खुर्चीत, जाड शाल पांघरून, शांतबाबा बसले होते.

"घड्याळं काढा, बाळांनो," बाबा लोण्यासारख्या आवाजात म्हणाले. "भीती घड्याळात राहते. टिक, टिक, टिक. ती माझ्या टोपलीत टाका."

टोपलीत घड्याळं पडली. कालची होतीच, त्यांवर आजची.

पैलवान नावाने ओळखला जाणारा एक दांडगा मुलगा पुढे आला. बाबांनी उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, डावा पुढे केला.

"धर नाडी. तुझी भीती मी ओढून घेतो. श्वास सोड... सावकाश... अजून सावकाश..."

"लागतेय," पैलवान म्हणाला. "बारीक झाली... अजून बारीक... अरे बापरे! नाडीच नाही!"

सभेच्या अंगावर काटा आला. बाबा डोळे मिटून मंद हसत होते. मिनिटभराने नाडी परत आली आणि पैलवान स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. थरथर गेली होती!

दाराला टेकून उभ्या असलेल्या परीक्षाकाकांच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

या काकांच्या हृदयाची एक झडप गळकी होती. तिचा आवाज इतका ठसठशीत, की गेली वीस वर्षं प्रत्येक तोंडी परीक्षेला काकांना पेशंट म्हणून खाटेवर झोपवत. खाटेला लटकवलेले कागद वाचत वाचतच त्यांनी पन्नाशीत अक्षरं गिरवली. शेकडो पोरांनी त्यांना तपासलं होतं. पुढे काय विचारणार, हे त्यांना पोरांच्या आधी ठाऊक असे.

आज ते आले होते उजळणीसाठी. सदा उजळणी करणारी म्हणून या पोरीचं नाव उजळणी. तीन वर्षं ती त्यांच्यावर सराव करत होती. आज सकाळी तिचा फोन आला होता, "काका, आता सरावाला येऊ नका. मी परीक्षेला बसत नाहीये."

काकांनी तिला भिंतीशी गाठलं. हातात प्रवेशपत्र, डोळे सुजलेले.

"काल सगळ्यांच्या हातात बाबांची नाडी थांबली. एकट्या माझ्या हातात नाही," ती पुटपुटली. "म्हणाले, तुझी भीती हाडात मुरलीय. परीक्षेला बसलीस तर पुढे तुझ्या हातून माणूस मरेल. आज हे त्यांच्यासमोर फाडायचंय."

"कुठला हात धरला होतास त्यांचा?"

"कुठला म्हणजे? मी डावखुरी ना. त्यांचा उजवा माझ्या डोक्याकडे येत होता, तोच पटकन धरला. जरा चिडलेच ते."

"असं," काका म्हणाले. "तो कागद फाडू नकोस. दोन मिनिटं थांब."

ते गर्दीतून वाट काढत पुढे गेले.

"बाबा, माझीही भीती घ्या की."

"या आजोबा. घड्याळ?"

"मला कशाला घड्याळ? माझी नाडी मोजायला पोरंच आपापली घेऊन येतात."

हशा पिकला. बाबांनी डावा हात पुढे केला. काकांनी तो धरलाच, वर उजवाही पकडला.

"दोन्ही नाही, दोन्ही नाही!"

"सवय हो, बाबा. दोन्ही मनगटं धरल्याशिवाय परीक्षक पोरांना पुढे सरकू देत नाहीत. चला, घ्या भीती."

एवढ्या पोरांसमोर माघार कशी घ्यायची? बाबांनी डोळे मिटले. काका मोठ्याने सांगू लागले, "डावी बारीक... गेली. आणि उजवी? ठणठणीत! पोरांनो, मी काही शिकलेला माणूस नाही. एकाच हाताची नाडी गेली, तर काय म्हणायचं?"

पोरांचं पाठ केलेलं सगळं घाबरून कुठेतरी दडून बसलं होतं.

मागून बारीक आवाज आला. "वर कुठेतरी रक्तवाहिनी दबलीय. खांद्यात... नाहीतर काखेत." उजळणी उभी होती. "बाबा, दोन्ही हात वर करा."

"हा अपमान आहे! माझ्या साधनेचा..."

"पेशंटने डॉक्टरचं ऐकावं, बाबा," म्हणत काकांनी त्यांचा डावा हात वर उचलला.

शालीतून रबरी चेंडू निसटला. टप, टप, टप करत बाकाखाली गेला.

पैलवानाने तो उचलून स्वतःच्या काखेत दाबला. "धर रे माझी नाडी!"

"गेली!"

मग काय! कोणी रुमाल गुंडाळून काखेत घातला, कोणी मोजा. बघता बघता अभ्यासिकेत दहा शांतबाबा तयार झाले. खरे बाबा टोपलीकडे सरकले, तर पैलवान आडवा आला. "टोपली राहू द्या बाबा. तिच्यात आमची भीती आहे."

बाबा शाल सावरत दाराबाहेर पडले.

"पण काका," पैलवान जरा ओशाळून म्हणाला, "माझी थरथर खरंच गेली होती हो."

"जाणारच. दोन मिनिटं गप्प बसून सावकाश श्वास सोडलास. श्वास तुझा, श्रेय त्याने घेतलं." मग ते उजळणीकडे वळले. "आणि तू धरलेल्या हाताखाली चेंडू नव्हता. ते तू चार जणांत बोलशील, म्हणून त्याने दोष तुझ्या हाडात घातला."

"पण हात तर कापतातच ना माझे."

"वीस वर्षं परीक्षेला झोपतोय मी. या मनगटाला धरणारा एकही हात स्थिर नव्हता. त्यांतल्या कितीतरी जणांच्या दवाखान्यात आज मीच रांग लावून बसतो."

परीक्षेच्या दिवशी उजळणीला काकांच्या शेजारची खाट आली. काकांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. हात लटपटत होतेच. तिने तळवे चोळून गरम केले, पेशंटचं उजवं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. मग खाटेला वळसा घालून पलीकडे गेली आणि डावंही धरलं.

काकांनी समाधानाने डोळे मिटले.

भीती सगळ्यांनाच वाटते, वाचकहो. तिच्यामुळे हात कापतात, पण म्हणून माणूस निकामी होत नाही. फक्त त्या भीतीच्या भरात कोणी चमत्काराचा एक हात पुढे केला, तर हसून म्हणा, दुसराही दाखवा.