न बुडालेल्या बोटीची तोटी

मित्रांनो, बुडालेल्या बोटींचं फार कौतुक होतं. त्यांच्यावर सिनेमे निघतात, शंभर वर्षांनी माणसं पाणबुडीत बसून त्यांना भेटायला जातात. मी एक जुनी बोट आहे, पण न बुडालेली. म्हणून टेंभुर्णीच्या शिवारात एका गोठ्यासमोर पडून आहे आणि दोन म्हशी माझ्यात तोंड घालून पाणी पितात.

तरुणपणी मी नऊ मजली होते. माझ्या पोटात नाचाचं दालन होतं, पोहायचा तलाव होता, दीड हजार माणसांचा स्वयंपाक होत होता. एक्केचाळीस वर्षं मी समुद्र ओलांडले. वादळं पाहिली. बर्फाचे डोंगरही पाहिले, त्यांना लांबूनच नमस्कार करून वळसा घातला. पण "आज का बुडाला नाहीत?" असं माझ्या कप्तानाला कुणी कधी विचारलं नाही. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही ना!

म्हातारपणी मला गुजरातच्या किनाऱ्यावर नेऊन कापलं. माझं लोखंड ट्रकांत भरून जालन्याच्या भट्ट्यांत आलं आणि त्याच्या सळया झाल्या. आज इथपासून घनसावंगीपर्यंत कितीतरी घरांच्या स्लॅबमध्ये मी आहे. पावसाळ्यात त्या घरांत कुणी कोरड्या अंथरुणात झोपलं, की माझे प्रवासी सुखरूप आहेत असं मला अजून वाटतं.

राहिली ती माझ्या कडेला टांगलेली जीवरक्षक होडी. ती चुकून त्याच भंगारात आली होती. भट्टीवाल्यानं ठोकून पाहिली. "हे तर फायबर हाय. हे वितळत न्हाई." गोठ्याच्या स्लॅबसाठी सळया न्यायला आलेले कचरूआबा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "मंग मला द्या. म्हशीला हौद होतो बराबर."

माझा जीव त्या होडीत होता. म्हणजे बुडाले नाही, वितळले नाही आणि हौद झाले.

आबांनी माझ्या तळाशी भोक पाडून दोन इंची तोटी बसवली. मित्रांनो, बोटीला तळाशी भोक! मी तेव्हा डोळे मिटून घेतले. पण आबांचा हिशोब सरळ होता. हौद घासायचा किंवा हलवायचा असला की तोटी उघडायची, घाण पाणी घासाच्या वाफ्याला जातं. पूर्वी पाणी बाहेर असायचं आणि मी कोरडी. आता पाणी आत आणि मी कोरड्या रानात. दहा वर्षं अशी गेली.

आबांची सून तृप्ती बीएस्सी झालेली. फार काळजीखोर. गॅसची कळ ती तीनदा पाही, दाराची कडी दोनदा ओढून बघे आणि चार वर्षांची चिमी खोकली, की सगळ्यांची झोप उडवी. नवरा भारत हसायचा. सासूबाई, नंदाबाई, म्हणायच्या, "हिचं काळीज हातावरच ठेवलेलं हाय."

यंदा गणपती विसर्जनाच्या दिवशी आबांच्या डोक्यात आलं. मागल्या वर्षी शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावरून शेजारचा भुजंग मूर्तीसकट घसरला होता. आबा म्हणाले, "घरात बोट असून काठावरून कामून इसर्जन करायचं? मधात जाऊ!"

माझ्या अंगावर काटा आला. पुन्हा पाणी! मी मनातल्या मनात भोंगासुद्धा वाजवून पाहिला.

तृप्तीला मात्र ते पटेना. शेततळं वीस फूट खोल. त्या कागदावर पाय ठरत नाही, पडलेलं माणूस वर चढू शकत नाही. आबांना पोहता येत नव्हतं आणि आरतीचं ताट धरायला चिमी हटून बसली होती.

"तिला जायचं तर मी पण येणार," तृप्ती म्हणाली. तिनं चिमीच्या पाठीला तेलाचे दोन रिकामे कॅन बांधले. मग ट्रॅक्टरच्या हुकापासून माझ्या नाकापर्यंत जाड दोर बांधायला लावला.

"वहिनी, तळं हाय का समिंदर?" ट्रॅक्टरवर बसलेला भुजंग म्हणाला. "आन् पोरगी हाय का पेट्रोल पंप?"

"हसा तुम्ही, भुजंगभाऊ. पण गाडी चालू ठेवा. मी लाल ओढणी हलवली की ओढायचं."

"बिलकुल! म्हणाल तर जाफराबादपस्तोर ओढतो."

"आबा, बोट नीट पाहिली ना?"

"धू धू धुतली," आबा म्हणाले.

खरंच धुतली होती. सकाळीच तोटी उघडून सगळं पाणी घासाला दिलं होतं, मला हलकी केली होती. आणि दहा वर्षांच्या सवयीनं तोटी उघडीच ठेवली होती. हौद हलवताना ती उघडीच राहते. पुन्हा भरताना बंद करायची. यावेळी हौद आतून भरायचाच नव्हता, मग तोटीची आठवण कुणाला येणार?

मला आली. पण मला बोलता कुठं येतं?

"मोरया!" म्हणत मला पाण्यात लोटलं. मूर्ती मांडीवर घेऊन भारत, वल्ह्याच्या जागी फावडं घेऊन आबा, ताट धरून चिमी आणि चिमीला धरून तृप्ती. चपला काढून मागच्या कोपऱ्यात ठेवलेल्या. मी तरंगले, मित्रांनो! क्षणभर मी पुन्हा नऊ मजली झाले.

मधोमध पोचल्यावर आरती सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला चिमी म्हणाली, "आई, आबांची चप्पल पोहून राह्यली."

तृप्तीनं मागं पाहिलं. एक नाही, चारही जोड पोहत होते.

"आबा, तोटी!"

आबांनी फावडं थांबवलं. "आगं बाई... उघडीच हाय की गं!"

"बंद करा जल्दी!"

"कशी करू? ती भाईर हाय, पाण्याखाली!"

आबांनी टोपीनं पाणी उपसायला सुरुवात केली. भारत मूर्ती सोडेना. काठावर नंदाबाईंनी गावातल्या सगळ्या देवांची नावं एका दमात घेतली. पाणी तृप्तीच्या घोट्यावर, मग पोटऱ्यांवर आलं. मी लाजेनं अर्धी झाले होते, आणि पाण्यानं पाऊण. एक्केचाळीस वर्षं अटलांटिकला दाद दिली नाही, आणि जाफराबाद तालुक्यात ही वेळ! लाज गेली तरी चालेल, पण कॅन बांधलेलं ते लेकरू माझ्या भरवशावर होतं.

तृप्तीनं एका हातानं चिमीला कवटाळलं आणि दुसऱ्यानं लाल ओढणी डोक्यावर गरागरा फिरवली. भुजंग मोबाइलवर शूटिंग करत होता. पण ओढणी त्याच्या पडद्यावरच दिसली. त्यानं गिअर टाकला. दोर ताणला गेला, मला असा हिसका बसला, की भारतच्या मांडीवरून बाप्पा अलगद निसटले आणि स्वतःच विसर्जित झाले. आम्ही सगळे कागदावरून फरफटत थेट मक्याच्या बांधावर. चिमीच्या ताटातला कापूर विझला होता, बाकी सगळं शाबूत.

"परत!" चिमी म्हणाली. "परत एकदा!"

आबांनी निथळती टोपी पिळली. मग सुनेला म्हणाले, "बाई, तुझा दोर नसता तर बाप्पाच्या मागं आमचंबी इसर्जन होतं. आता हसणार न्हाई."

भुजंगची चित्रफीत दोन दिवसांत जालना जिल्हाभर फिरली. मित्रांनो, एक्केचाळीस वर्षं बुडाले नाही तर कुत्रं विचारेना. चार मिनिटं अर्धवट बुडाले तर पिंपळगाव रेणुकाईहून माणसं जीप करून बघायला आली! म्हशी बुजल्या.

आता मी पुन्हा हौद आहे. पाण्याजवळ जाताना आधी दोर बांधा, तोटी पाहा आणि काळजी करणाऱ्या माणसाला हसू नका, एवढंच या म्हातारीचं मागणं.

रोज संध्याकाळी तृप्ती गॅसची कळ पाहते, दाराची कडी ओढते. मग अंगणात येऊन वाकून माझ्या तोटीला हात लावते. चार पावलं जाते आणि परत येऊन पुन्हा एकदा लावते. सोनेरी पट्ट्यांचे अकरा कप्तान झाले माझे, पण दोनदा कुणी पाहिलं नव्हतं.