आत एक

"प्रोग्रॅमिंग तुम्ही करा. आमचं काम यंत्रं चालू ठेवायचं," मामा भाचीला म्हणाला. जुने दस्तऐवज जपणाऱ्या त्या कचेरीत तो सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, आणि सख्ख्या बहिणीची ही मुलगी महिन्यापूर्वी तिथेच प्रोग्रॅमर म्हणून लागलेली. गाडी चालवणाऱ्याला इंजिन खोलता यायलाच हवं का, हा त्याचा ठरलेला सवाल. सवाल बरा होता, माणूस आळशी होता.

बोळाच्या टोकाला दस्तऐवजांची खोली. कागदांना कसर लागू नये म्हणून रोज साडेपाचला पंप तिथली हवा ओढून घेई. त्याआधी मामाच्या पडद्यावर प्रश्न येई: 'आत १. सुरू करू?' आधीचा माणूस वहीत लिहून गेला होता, 'रोज १ दाखवतं. चूक आहे. एंटर दाबणे.' मामा सहा वर्षं इमानेइतबारे दाबत होता.

त्या दिवशी भाचीने तो प्रोग्रॅम वाचून काढला आणि तिचा चेहराच उतरला.

"मामा, यात चूक नाहीये. कुणी आत गेलं की एक मिळवतो, बाहेर आलं की एक वजा करतो. बस, एवढंच."

"मग काय, भूत बसलंय आत?"

"तेच बघून येते. मी येईपर्यंत एंटरला हात लावू नका हं."

"बरं बाई."

ती आत गेली. साडेपाच वाजले. पडद्यावर 'आत २' आलं. मामाने ते वाचलंसुद्धा, पण सवयीचं बोट डोक्याला विचारत नाही. एंटर दाबला गेला. खोलीचं दार आपोआप बंद झालं आणि पंप घरघरू लागला.

मामाने धावत जाऊन दार ओढून पाहिलं, ते ढिम्म. आता बहिणीला कोणतं तोंड दाखवू? पंप थांबवायचा कसा, हे वहीत नव्हतं. भाचीच्या पडद्यावर प्रोग्रॅम उघडाच होता. एकेका ओळीवर बोट ठेवत, अक्षरं लावत तो वाचू लागला. अगदी तळाशी पंप बंद करायचा हुकूम सापडला. त्याने तो जसाच्या तसा टाइप केला. घरघर थांबली, दाराची कडी सुटली.

भाची खोकत बाहेर आली. दार मात्र तिने क्षणभर धरून ठेवलं, मागून येणाऱ्यासाठी धरतात तसं, आणि मग सोडलं.

"आत कुणी नाही, मामा. सगळी कपाटं पाहिली मी."

मामाला रडूच फुटलं. तिला जवळ घेताना त्याची नजर पडद्यावर गेली. 'आत ०.'

सहा वर्षांत शून्य कधी आलं नव्हतं. रोज साडेपाचला ज्याचा श्वास त्याने काढून घेतला होता, ते आता दाराच्या अलीकडे होतं.