पोटातलं वर्ष

हुंगने निधनाच्या जाहिरातीतला 'सत्त्याहत्तर' खोडला, शेजारी 'ऐंशी' लिहिलं आणि पेन थांबवून वर पाहिलं.

"पोटातलं वर्ष धरूनच सत्त्याहत्तर ना, काका?"

"धरूनच," काउंटरपलीकडून म्हातारे तिओंग म्हणाले. "आईच्या पोटात ती काय जगत नव्हती?"

"मग गेल्या माणसाला मिळतात ती वरची तीन मिळून ऐंशी. एक आभाळाचं, एक जमिनीचं, एक माणसाचं." हुंगने दुसऱ्या रंगाचा कागद ओढला. "ऐंशी भरली म्हणजे काळी चौकट नको. लाल."

तिओंगकाकांनी दोन्ही हात काउंटरवर टेकले. बायको पहाटे गेली होती, डोळे सुजलेले होते. तरी 'लाल' ऐकल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"बरं झालं. काळ्यात छापलं असतं तर तिकडूनही मला ऐकवलं असतं तिने. फार मानी बाई."

"लोकांना वाटायचे वाडगे सांगितलेत का?"

"सुनेने सांगितलेत. लाल दोऱ्याची रिळंसुद्धा आणलीत. ऐंशी गाठलेल्या घरचा वाडगा म्हटल्यावर कोण सोडतंय? जिला उभ्या जन्मात कधी कपभर कोपी विचारली नाही, तिच्या दारात आता नातवंडांना तेवढं आयुष्य लाभावं म्हणून वाडगा मागायला येतील."

"येऊ देत. मागायला येतात त्यातच तिचा मान आहे."

हुंगने मुलांची नावं वाचून दाखवली. मग सुना, मुली, जावई, नातवंडं. मधला जावई पहिल्या नंबरवर चढला होता, त्याला खाली आणलं. असल्या चुकीवरून दोन घरं वर्षानुवर्षं बोलत नाहीत हे तिने पाहिलं होतं. काकांनी सही केली आणि जाता जाता विचारलं, "उद्याच्याच अंकात ना?"

"उद्याच्याच. परवापासून अंकच नाही."

"माहीत आहे," काका म्हणाले. "तिला वेळ साधायची सवयच होती."

सिबू गावात माणूस गेला हे डॉक्टर सांगतो आणि 'नदीकाठ' दैनिक पक्कं करतं, असं लोक गमतीने म्हणत. गंमत थोडी, खरं जास्त. इथला चिनी माणूस सकाळी 'नदीकाठ' उघडला की आधी निधनाचं पान बघायचा. कोण गेलं, लाल की काळं, कुणाच्या मुलीचं नाव गाळलं. मग राजकारण, मग मिरीचा भाव. आणि ते पान हुंगचं होतं. एका लाकूडव्यापाऱ्याच्या मुलांनी एकदा अख्खं पान विकत घेतो म्हणून सांगितलं, अट एवढीच की वडिलांचे सगळं धरून एकोणऐंशी भरतात, ते ऐंशी करायचे. हुंग नाही म्हणाली. मुलं तणतणत वर संपादकांकडे गेली. संपादक हिई म्हणाले, खाली बाई सांगतील तेच वर. म्हातारा एकोणऐंशीचाच छापला गेला, काळ्यात. तेव्हापासून 'नदीकाठ'मधल्या लाल रंगाला गावात किंमत आली.

ते दिवस वेगळे होते. आता हिईंशी कामापलीकडे कोणी बोलत नव्हतं. मालक कुचिंगला बसत, आणि नोकरी संपल्याची त्यांची पाकिटं वाटायचं काम हिईंकडे आलं होतं. पहिल्या खेपेला कापित आणि सरिकेइचे वार्ताहर गेले. दुसऱ्या खेपेला प्रूफं तपासणारे, छायाचित्रकार, अर्धा छापखाना. प्रत्येकाला ते केबिनमध्ये बोलवायचे, दार लावायचे, पाकीट द्यायचे. गेल्या महिन्यात उरलेल्या सगळ्यांना पाकिटं मिळाली. हिईंना मात्र कुचिंगच्या मुख्य कचेरीत खुर्ची होती. सोमवारपासून.

दुपारी हुंग मागच्या खोलीत काम्पुआ घेऊन बसली. कागदाच्या पुडीतले नूडल्स वाडग्यात ओतायचे, काळं सॉस मुरवायचं आणि दहा मिनिटांत उठायचं, असं इथलं जेवण. वाडगे सगळे सारखे, बाहेरून लाल कोंबड्याचं चित्र. गोंधळ नको म्हणून बुडाशी प्रत्येकाने आपलं नाव रंगवलेलं. जेवणारे आता एका टेबलाभोवती मावत होते, पण कपाट अजून वाडग्यांनी गच्च होतं. नोकरी गेलेल्या माणसाला जाताना वाडगा कुठे आठवतो?

पान लावणारा पिंग दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात छापील कागद होता.

"हुंगताई, कुचिंगहून आपली चौकट आली. बघून घे, मापाला बरोबर आहे का."

तिने वाचलं. पहिल्या पानाच्या तळाशी, दोन कॉलम, काळ्या चौकटीत चार ओळी. व्यावसायिक कारणांमुळे दैनिक बंद होत आहे, वाचकांचे आभार.

"काळी चौकट?"

"मग काय गुलाबी? ताई, आपण मेलोय."

"मेलोय ते कळलं. किती वर्षांचे होऊन?"

पिंगने बोटांवर मोजलं. "शहात्तर."

"वरची तीन. एकोणऐंशी." हुंगचा चमचा वाडग्यातच राहिला. "एक कमी पडलं."

"घाल की एक वरून. उद्या विचारायला कोण येणार आहे? पाकीट तर मिळालंय."

हुंगने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कागदाची सुरळी केली. ज्या पानाने गावात कुणाला एक वर्ष उसनं दिलं नाही, त्याने जाता जाता स्वतःसाठी घ्यायचं? लाकूडव्यापाऱ्याची मुलं अजून याच गावात होती. पण कारण त्यांचं नव्हतं. तिचं स्वतःचं आयुष्य त्या पानावर गेलं होतं, आणि तिला त्याचा अभिमान होता. खोट्या लालपेक्षा खरं काळं बरं, असं तिने ठरवलं.

"पिंग, निधनाच्या पानानंतरचं पान रिकामं आहे ना?"

"जाहिरातच नाही, भरणार कशाने?"

"मी भरते. काळ्यातच भरते. पण चार ओळींत कुणाला पोचवत नाहीत."

तिने तिओंगबाईंची जाहिरात जशी लिहिली तशीच ही लिहिली. 'नदीकाठ', सिबू. वय एकोणऐंशी. मागे परिवार. मग नावं, रुजू झाल्याच्या क्रमाने. काढून टाकलेलेही सगळे. कापितचा वार्ताहर, जो बातमी नावाड्याच्या हाती पाठवायचा. प्रूफं तपासणारी लाउबाई, जिने दुसऱ्या खेपेला पाकीट मिळाल्यावर त्यावरच्या नावातली चूक आधी दाखवली आणि मग रडली. छापखान्यातले, सायकलवरून अंक टाकणारे, झाडूवाली. नावं आठवायला हुंगला कागद लागला नाही. ती सांगत गेली, पिंग लावत गेला. एकदोन नावांना तो थांबून हसला, एका नावाला नाक पुसलं.

"आणि ते?" शेवटी पिंगने मान वर केली. वर संपादकांची केबिन होती.

"ते कुचिंगला सुखात असतील," हुंग म्हणाली. "आपल्यात कशाला?"

पिंगने नाव टाकलं नाही. पण हिईंच्या सहीशिवाय पान छापखान्यात जात नसे, आणि शेवटच्या दिवशी तो नियम मोडायचं हुंगच्या मनाला येईना. प्रूफ घेऊन ती स्वतः जिना चढली.

हिई खिडकीशी उभे होते. खाली राजांग नदीवर संध्याकाळचं ऊन पडलं होतं, सरिकेइची बोट धक्क्याला लागत होती. त्यांनी प्रूफ टेबलावर पसरलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि लाल पेन्सिल उचलली. हुंग दाराशीच थांबली. आता ते कुचिंगचं नाव सांगतील आणि पान परत करतील, मग आपण काय बोलायचं, हे तिने जिन्यातच ठरवून ठेवलं होतं.

ते एकेक नाव वाचत होते. ओठ हलत होते. यादीच्या शेवटापर्यंत गेले, पुन्हा वर आले. आपलं नाव नाही हे त्यांना दिसलं असणारच. एका जागी पेन्सिल टेकली.

"लाउबाई छापखान्यातल्या वाँगच्या आधीची. पावसाळ्याआधी आली होती ती. वर घे."

"हो," हुंग म्हणाली.

मग पेन्सिल वयावर आली. त्यांनी एकोणऐंशी खोडलं.

"साहेब, मी वर्ष वाढवत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"वाढवत नाही मीही. तू पोटातलं वर्ष धरलंच नाहीस."

"वर्तमानपत्राला कसलं पोट?"

हिईंनी पेन्सिलीनेच जिन्याकडे दाखवलं. जिन्यात एक फोटो होता. रोज सगळे त्याच्याखालून चढत-उतरत, म्हणून कोणी बघत नसे. महायुद्ध संपून जपानी निघून गेल्यानंतरचा तो सिबूचा धक्का, भिंतीवर चिकटवलेला ब्रशने लिहिलेला मोठा कागद, समोर टोप्या घातलेले लोक मान उंच करून वाचताहेत. छापखाना नव्हता तेव्हा संस्थापक मास्तर रोज एक अंक हाताने लिहून भिंतीला लावायचे. वर्षभर लावला. मग यंत्र आलं.

हुंगने मागे वळून फोटोकडे पाहिलं. कुणाच्याही आईच्या पोटातलं वर्ष विचारायला ती विसरली नव्हती. घरच्यांचं तेवढं विसरली होती.

"ऐंशी," ती म्हणाली.

"लाल कर. पूर्ण पान लाल." हिईंनी कोपऱ्यात सही केली. "आणि पहिल्या पानावरची ती चौकट काढायला सांग. दोनदा कशाला मरायचं?"

"कुचिंगला काय सांगणार?"

"कुचिंगला अंक उद्या सकाळच्या विमानाने जातो. त्यांना सकाळीच कळेल." त्यांनी प्रूफ तिच्या हाती दिलं आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

सकाळी हुंग आली तेव्हा बाजारातले अंक संपले होते. कोम्प्यांग पाव भाजणाऱ्याच्या दुकानात, सलूनमध्ये, चौकातल्या कोपीच्या टेबलांवर लाल पान उघडं होतं आणि लोक बोट ठेवून नावं शोधत होते. हा आपल्या गल्लीतला. ही त्या नर्सची आई. हुंगने चालता चालता ऐकलं आणि तिची पाठ आपोआप ताठ झाली.

कचेरीच्या दारात तिओंगकाका उभे होते. बाहीला शोकाची पट्टी, हातात लाल दोऱ्याचं रीळ.

"काका, तुम्ही इथे? घरी लोक आले असतील."

"तिच्याकडे पुष्कळ आहेत. इथे कोणी नसेल म्हणून आलो." त्यांनी रीळ काउंटरवर ठेवलं. "आमच्याकडचं उरलंय. ऐंशीचं घर ना तुमचं? मग वाडगा द्या. धाकट्या नातवाला हवाय."

हुंगला आधी समजलंच नाही. मग ती वळून मागच्या खोलीत गेली आणि कपाट उघडलं.

पहिला वाडगा कापितच्या वार्ताहराचा निघाला. तिने बुडाखालचं नाव बघितलं, वाडग्याला लाल दोरा गुंडाळून गाठ मारली आणि दोन्ही हातांनी काकांच्या पुढे धरला. काकांनी तसाच दोन्ही हातांनी घेतला. ते बाहेर पडले तोवर दारात आणखी लोक आले होते. मासळीवाली, शाळेचा निवृत्त मास्तर, नातवाला कडेवर घेतलेल्या बायका. कोणी हळहळत नव्हतं. लग्नघरी बोलावं तसं बोलत होते. पिंग वाडगे आणून देत होता आणि प्रत्येक वाडग्याचा इतिहास सांगत होता.

"हा घ्या, हा लाउबाईंचा. पोरगं यात जेवलं तर शुद्धलेखन आपोआप सुधारेल."

"आणि तुझा?"

"माझा नको, मावशी. पोरगं घरी कधी वेळेवर यायचं नाही."

रांग ओसरायचं नाव घेत नव्हती, वाडगे मात्र संपत आले. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हिई खाली येत होते, काखेत पुठ्ठ्याचा खोका, त्यात शब्दकोश आणि एक छत्री. रांग थोडी मागे सरकली. पिंग कपाटाकडे तोंड करून उभा राहिला. हिईंनी कुणाकडे न बघता राहिलेल्या वाडग्यांतला एक उचलला, उलटा करून बुडाखालचं नाव पाहिलं आणि खोक्यात ठेवायला गेले.

"साहेब, तो ठेवा," हुंग म्हणाली.

"माझाच आहे, हुंग."

"म्हणूनच. वाडगा पाहुणे नेतात. घरच्यांनी इथे उभं राहून द्यायचा असतो." तिने लाल दोऱ्याचं रीळ त्यांच्यापुढे सरकवलं आणि काउंटरमागे थोडी बाजूला झाली. एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा झाली.

वर केबिनमध्ये फोन वाजायला लागला. वाजत राहिला. हिईंनी क्षणभर जिन्याकडे पाहिलं, मग खोका जमिनीवर ठेवला आणि काउंटरमागे आले. त्यांनी दोरा तोडून वाडग्याला गुंडाळला, गाठ दुसऱ्यांदा बसली.

पुढे एक तरुण बाई मुलीला घेऊन उभी होती. तिने वाडगा दोन्ही हातांनी घेतला आणि बुडाखालचं नाव वाचायचा प्रयत्न केला.

"यात हिला नुसती पेज दिली तर चालेल का हो?"

"चालेल," हिई म्हणाले. "काहीही द्या. आमच्याकडे माणसं भरपूर जगतात."