राखाडी टोपणाची नळी

सुईवालीला कुणी येऊन सांगितलं असतं की तुझा नवरा बाहेर दुसरा संसार थाटून बसलाय, तर ती पोट धरून हसली असती. पण तो चोरून गोड खातो असा संशय आला आणि बाईची झोप उडाली.

घरात दोघंही सुईवर जगणारी. नवरा शिंपी, सगळे त्याला मास्तर म्हणत. दिवसभर दुकानात मशीनवर बसलेले. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला. सकाळी घरोघरी जायचं, लोकांचं रक्त काढायचं आणि दुपारी नळ्या लॅबमध्ये नेऊन द्यायच्या. लोक तोंडावर सुईवाली म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. मास्तरांना मधुमेह जडून बरीच वर्षं झाली होती. साखर ताब्यात राहिली नाही तर डोळे जातील, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शिंप्याचे डोळे गेले म्हणजे मग राहिलं काय? तिनं त्याच संध्याकाळी साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला.

दर महिन्याला मास्तरांचं रक्त ती स्वतः काढी, कामाला निघण्याआधी, उपाशीपोटी. उभा जन्म सुईत दोरा ओवणारा हा माणूस सुई दंडाजवळ आली की लहान पोरासारखा तोंड फिरवी, आणि शीरही मेली नेमकी तेव्हाच दडून बसे. म्हणून तिचा नियम होता: एकदाच टोचायचं आणि लाल टोपणाची एकच नळी भरायची. मूत्रपिंड, क्षार, साखर, सगळं त्यातच. गिऱ्हाइकांची साखर राखाडी टोपणाच्या नळीत घ्यायची असते हे तिला झोपेतही पाठ होतं. त्या नळीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड असते, सोडियम फ्लोराइडची. पण त्या नळीतून क्षार मोजता येत नाहीत, कारण रक्तातलं सोडियम मोजायला जावं तर पुडीतलंच मोजलं जातं. म्हणजे दुसरी नळी भरेपर्यंत नवऱ्याच्या दंडात सुई दुप्पट वेळ ठेवणं आलं, आणि ते तिच्या जिवावर येई. पूर्वी ती मोठ्या दवाखान्यात होती तेव्हा तिथे लाल नळीतच साखर बघत, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

मास्तरांचा आकडा दर खेपेला दृष्ट लागावी असा येई. डॉक्टरांनी खूश होऊन एक गोळीसुद्धा कमी केली. सुईवाली तो आकडा गल्लीभर सांगत सुटे.

आणि मग नणंदेचा फोन आला. ही मास्तरांची थोरली बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. मास्तर तिच्याकडे एक रात्र मुक्कामाला गेले होते. तिथे भावाला सुईत दोरा ओवता येईना, आणि रात्रीतून तो चार वेळा पाणी प्यायला उठला, हे तिनं पाहिलं. सकाळी तिनं त्याला उपाशीपोटीच जवळच्या लॅबमध्ये नेलं. साखर दोनशेच्या वर. डोळ्यांच्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवा, असं नणंदेचं म्हणणं होतं.

सुईवालीनं फोन ठेवला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. आपल्या घरी आकडा सोन्यासारखा आणि बहिणीच्या घरी एका रात्रीत दोनशे? कुठंतरी पाणी मुरतंय. बहिणीनं लाडक्या भावाला रात्री गोडधोड चारलं असणार आणि सकाळी वर साळसूदपणे तपासायला नेलं असणार. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

तिनं मास्तरांचे खिसे उलटेपालटे केले. शर्टाच्या बाह्या हुंगल्या. दुकानात अवेळी जाऊन गल्ल्याचा खण उघडून पाहिला. मास्तर आधी हसले, मग चिडले, मग शपथा घेऊ लागले. ती ऐकेना. जेवताना तेच, झोपताना तेच. शेवटी एके दिवशी ते हातातलं कापड खाली ठेवून म्हणाले, "हो, खाल्लं मी ताईकडे. झालं समाधान?"

झालं ना! तिनं नणंदेला फोन लावला आणि जे बोलू नये ते बोलली. भावाच्या डोळ्यांवर उठलात म्हणाली. नणंद एवढंच म्हणाली की बाई, त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे तेवढं ने. सुईवालीनं त्या घरचं जाणंयेणं बंद केलं. डॉक्टरांना सांगितलं की तो दोनशेचा आकडा एका रात्रीच्या लाडाचा होता, आणि डॉक्टरांनी तो सोडून दिला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्याचं तर तिच्या डोक्यातूनच गेलं.

दोनेक महिन्यांनी नणंद परस्पर दुकानात आली, सकाळी दुकान उघडतानाच, आणि भावाला पुन्हा त्याच लॅबमध्ये घेऊन गेली. पुन्हा दोनशेच्या वर. मास्तरांनी घरी येऊन मान खाली घालून सांगितलं. आता मात्र सुईवाली चक्रावली. आदल्या रात्री ते तिच्या समोर जेवले होते आणि सकाळी तिच्या समोर उपाशी निघाले होते. मग गोड खाल्लं कधी? म्हणजे नवरा चोर नाही, नणंदही नाही, चोर ती लॅबच! आकडे फुगवून लोकांना घाबरवायचं आणि पुन्हा पुन्हा तपासायला बोलवायचं. अशा धंद्याच्या गोष्टी तिनं ऐकल्या होत्या. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिनं सापळा रचला. एका सकाळी एकाच टोचण्यात दोन नळ्या भरल्या. त्या लॅबवाल्यांना तोंड उघडायला जागा नको म्हणून त्यांच्यासाठी राखाडी टोपणाची, आणि आपल्या लॅबसाठी नेहमीची लाल. राखाडी नळी जाता जाता त्यांच्या खिडकीत दिली आणि आपली फेरी संपवून लाल नळी आपल्या लॅबमध्ये दिली. एकाच माणसाचं, एकाच घटकेचं रक्त. तिकडे आकडा आला दोनशे बारा आणि इकडे एकशे अडतीस. चोर सापडला होता. ती तडक आपल्या लॅबच्या मॅडमकडे गेली आणि या लोकांची तक्रार कुठे करायची असं विचारू लागली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपली नळी कुठली होती?"

"लाल."

"रक्त काढलंस कधी आणि इथे दिलंस कधी?"

"काढलं निघायच्या आधी. दिलं दुपारी, फेरी झाल्यावर."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. नळीत गेलं म्हणून रक्त मरत नाही, त्यांनी सांगितलं. त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांना भूक असते. समोर साखर दिसली की त्या खात बसतात, तासातासाला थोडी थोडी, आणि उकाड्यात तर जास्तच. ही साखर फोडायला त्यांना जी एन्झाइम लागतात, त्यांतल्या एकाचं काम मॅग्नेशियमवाचून चालत नाही. राखाडी नळीतलं फ्लोराइड जाऊन त्या मॅग्नेशियमलाच धरून बसतं. त्याला जम बसवायला तासभर लागतो, पण एकदा बसलं की पेशींचं खाणं बंद आणि साखर जिथल्या तिथे. ती पूर्वी होती त्या दवाखान्यात यंत्र शेजारच्या खोलीत होतं, तिथे पेशी लगेच वेगळ्या काढत, म्हणून लाल नळी चालून जायची.

"इथे तुझी नळी अर्धा दिवस पिशवीत फिरते," मॅडम म्हणाल्या. "साखर चोरून खाल्ली जात होती हे खरं आहे. पण ती नळीत."

आजवरचे सगळे सोन्यासारखे आकडे सुईवालीच्या डोळ्यांपुढून गेले. त्यातला एकही खरा नव्हता. त्या आकड्यांवर गोळी कमी झाली होती, त्या आकड्यांवर तिनं बहीणभावांची ताटातूट केली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली ती तिनंच, आणि तेही माया म्हणून. ती तिथेच बाकावर बसून रडली.

घरी येऊन तिनं मास्तरांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं, पण ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग तिनं विचारलं, "खाल्लं नव्हतं, तर खाल्लं असं का म्हणालात?"

"काय करणार? तुझा रक्तावर विश्वास," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, घरचा आकडा चांगला नि ताईकडचा वाईट असं रक्तच सांगतंय, तर आपलंच काहीतरी चुकत असेल."

तिनं नणंदेला फोन केला. माफीचे शब्द धड जुळेनात. नणंदेनं ते पुरे होऊच दिले नाहीत, कुठल्या दवाखान्यात यायचं तेवढं विचारलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मास्तरांच्या डोळ्यांत औषध घातलं, वाट पाहायला लावली, बराच वेळ आत पाहिलं. मग मास्तरांना बाहेर बसवून दोघी बायकांना आत घेतलं. उजव्या डोळ्यात आतून रक्तस्राव झाला होता, त्याची गेलेली नजर परत यायची नव्हती. डावा लेसर करून वाचवता येईल, साखर आवरली तर. सुईवालीनं विचारलं की दोन महिने आधी आलो असतो तर? डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले की मग बहुतेक दोन्ही वाचले असते.

बाहेर मास्तर बाकावर डोळे मिटून बसले होते. पावलं ऐकून त्यांनी मान वर केली आणि काय म्हणाले डॉक्टर असं विचारलं.

"वेळेवर आणलं म्हणाले," नणंद पटकन म्हणाली.

सुईवालीनं नणंदेचा हात बाजूला केला आणि ती मास्तरांच्या समोर खाली बसली. "नाही. उशीर झाला, आणि तो माझ्यामुळे झाला. उजवा गेला तुमचा."

मास्तरांनी विचारलं, "आणि डावा?"

"डावा राहील."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि बायको म्हणते म्हणजे खरंच असणार, असं समजून उठायला हात पुढे केला.