बारा मिनिटांचे भाषण

"अक्षरं मोठी घ्या, बाई, आणि इंग्रजी घ्या," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे भाषण मराठीच. लिपी तेवढी इंग्रजी. मला तसं वाचायला बरं पडतं."

विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. खुर्ची होती, पण तिच्यावर अध्यक्षांची पिशवी बसली होती. विषय 'मातृभाषा आणि हिंदू संस्कृती', वेळ बारा मिनिटे, निमित्त संस्थेचा वर्धापनदिन. मराठीच्या शिक्षिका निवृत्त झाल्यावर त्यांची जागा कुणी भरली नव्हती, त्यामुळे तीन वर्षे अध्यक्षांची भाषणे बाईच लिहीत.

"आपण हिंदू, बाई. भाषा गेली की आपलं राहिलं काय? हे जरा ठासून येऊ द्या. एखादा श्लोकही घाला. छोटासा."

तेवढ्यात फोन वाजला. नातू होता. अध्यक्ष त्याच्याशी पाच मिनिटे मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलले आणि कौतुकाने म्हणाले, "भारी हुशार आहे हो. मराठीतला एक शब्द येत नाही त्याला."

बाईंनी हातातला कागद पुढे सरकवला. "साहेब, आठवीच्या वर्गाचा अर्ज."

सातवीत मराठी माध्यमाची शेवटची तुकडी होती. चौदा मुले. त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी मराठीत आठवी चालू ठेवायची, तर अर्जावर अध्यक्षांची सही हवी होती. नाहीतर चौदाही जण शेजारच्या इंग्रजी वर्गात जाऊन बसणार होते.

"कार्यक्रम होऊ द्या," अध्यक्ष म्हणाले. "मग बघू."

मुले बाईंना थर्मामीटर म्हणत. 'खूप गरम' असे उत्तर आले की त्या विचारत, "खूप म्हणजे किती?" इंग्रजी वर्गालाही त्याच शिकवत. तिथली मुले व्याख्या एका दमात म्हणून दाखवत, आणि "म्हणजे काय?" असे विचारले की तीच व्याख्या पुन्हा म्हणत, जरा मोठ्याने. त्यांच्या पालकांना त्याचा अभिमान होता. घरी आलेल्या पाहुण्यांपुढेही ते मुलांना ती म्हणायला लावत.

त्या दिवशी सातवीत बाईंनी विचारले, "बर्फ लोकरीत गुंडाळून ठेवला, तर लवकर वितळेल की उशिरा?"

"लवकर!" तेरा जण ओरडले.

"उशिरा," दुकानदाराची मुलगी म्हणाली. "लोकर काय स्वतः गरम असते का बाई? ती नुसती अडवते. बाहेरच्याला आत येऊ देत नाही, आतल्याला बाहेर जाऊ देत नाही. आमच्या आजीसारखी."

वर्ग हसला. बाईही हसल्या. हे पुस्तकात नव्हते. मुलीने ते आत्ता, उभ्या उभ्या, स्वतःच्या भाषेत शोधून काढले होते.

संध्याकाळी बाई मजकूर सांगत होत्या आणि त्यांची मुलगी तो इंग्रजी अक्षरांत टाइप करत होती. कारण मुलीलाही तसेच बरे पडे. तिला इंग्रजी शाळेत बाईंनीच घातले होते. शेजारणींची मुले जातात, एवढे कारण तेव्हा त्यांना पुरले होते. वर्गात प्रत्येक विधानाला पुरावा मागणाऱ्या बाईंनी तेव्हा एकही प्रश्न विचारला नव्हता. आठवले की त्यांना स्वतःची शिसारी येई.

नववे पान टाइप करताना मुलगी थांबली. "आई, हे वाक्य त्यांनी सांगितलंय?"

"नाही."

"मग कापतील."

"आधी वाचतील तेव्हा ना. तीन वर्षांत एकदाही वाचलेलं नाही."

"आणि या वेळी वाचलं तर?"

"तर माझा अंदाज चुकला," बाई म्हणाल्या. "लिही तू."

वर्धापनदिनाला सभागृह भरले होते. अध्यक्षांनी आधी श्लोक म्हटला. एकही शब्द धड उच्चारता न आल्यामुळे तो फार प्राचीन वाटला. भाषा ही आई, संस्कृती हे तिचे दूध, आपण सारे तिची लेकरे. बाईंनी स्वतः लिहिलेली ही वाक्ये खाली मान घालून ऐकली. त्यांतल्या एकावरही त्यांचा विश्वास नव्हता, आणि नेमक्या त्यांनाच टाळ्या पडत होत्या. बायका रुमालाने डोळे टिपत होत्या.

मग नववे पान आले.

"म्हणून आठवीचा मराठी वर्ग पुढच्या वर्षीही चालू राहील," अध्यक्षांनी वाचले, "हा माझा शब्द आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत दुकानदार तर उभाच राहिला. टाळ्या पडल्या की वाक्य पुन्हा म्हणायचे, ही अध्यक्षांची सवय. त्यांनी मूठ उंचावली आणि ते दुसऱ्यांदा म्हटले. काय म्हणतो आहोत, हे त्यांना तेव्हा कळले. चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, फक्त त्याला धरून ठेवावे लागत होते.

दुसऱ्या दिवशी बाई अर्ज घेऊन गेल्या, तेव्हा ते चिडलेले नव्हते.

"चलाख निघालात की! बसा, बसा." आज खुर्ची रिकामी होती. "मी शब्दाचा पक्का आहे. सही करतो. फक्त आठ पालकांच्या सह्या आणा. काल टाळ्या वाजवल्या ना, त्यांच्याच आणा."

बाईंना आठ हा आकडा लहान वाटला. अध्यक्षांना आपली माणसे बाईंपेक्षा जास्त ठाऊक होती.

चार दिवसांत दोन सह्या मिळाल्या. सही करणाऱ्यांतल्या एकाला वाटले होते, हा इंग्रजी वर्गाचाच अर्ज आहे. बाकीच्यांनी बाईंना पाणी दिले, संस्कृतीबद्दल काळजी व्यक्त केली आणि अध्यक्ष काय सुंदर बोलले हे सांगितले.

शेवटी बाई दुकानदाराकडे गेल्या. तो साखर तोलत होता.

"तुमच्या मुलीला विषय कळतो," त्या म्हणाल्या. "नुसता पाठ नसतो, कळतो. तिची भाषा आत्ता काढून घेऊ नका."

"बाई, मी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पाहिलंत ना?"

"पाहिलं. म्हणून तर आले."

"अहो, टाळ्यांवर पोरीचं आयुष्य निघतं का?" त्याने पुडी बांधली. "रागावू नका, एक विचारतो. तुमची मुलगी कुठल्या माध्यमात शिकली?"

बाईंना खोटे बोलता आले असते. "इंग्रजी," त्या म्हणाल्या.

"झालं तर मग," दुकानदार म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याने गल्ल्यावरचे पेन उचलले, अर्ज एकदा वाचला आणि पेन होते तिथे ठेवून दिले.

नवे वर्ष सुरू झाले. आठवीचा एकच वर्ग होता, चौसष्ट मुलांचा. दुकानदाराची मुलगी तिसऱ्या बाकावर बसली होती.

बाईंनी इंग्रजीत प्रश्न विचारला: एकाच खोलीतली लाकडी खुर्ची आणि लोखंडी खुर्ची, दोन्हींचे तापमान सारखे, मग लोखंडी जास्त गार का लागते? व्याख्या म्हणणारी मुले पुस्तक चाळू लागली. मुलगी चाळत नव्हती. ती बाकाच्या लोखंडी पायाला बोट लावून पाहत होती. मग तिने मान वर केली. तिला उत्तर सापडले होते. चेहऱ्यावर दिसत होते.

बाईंनी तिला उभे केले. ती इंग्रजी शब्द शोधू लागली.

"मराठीत सांग," बाई हळूच म्हणाल्या.

मागे कुणीतरी फिसकन हसले. मुलीने एकदा तिकडे पाहिले. तिने हात पाठीमागे घेतले.

"आय डोन्ट नो, मॅम," ती म्हणाली. उच्चार अगदी स्वच्छ होता.

"बस," बाई म्हणाल्या.

त्या फळ्याकडे वळल्या. फळा कोराच होता. तरी त्यांनी डस्टर उचलले आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला.