जवाईबापूंनी सुचवलेलं पुस्तक

जवाईबापूंची एक खोड मैनाबाईला पहिल्यापासून सलत होती. माणूस दारात आला की पायावर पाणी घ्यायच्या आधी पुस्तक सांगायचा. लोक सासुरवाडीला येतात, तब्येत विचारतात, भेंडी कशी निघाली ते विचारतात. हे मात्र "हे वाचलंच पाहिजे" म्हणत पिशवीत हात घालायचे. जिला सही करायची म्हटलं की घाम फुटतो त्या मैनाबाईलाही त्यांनी एकदा कोण्या बाईच्या आठवणींचं पुस्तक दिलं होतं. तिनं ते दह्याच्या गंजावर झाकण म्हणून ठेवलं, आणि पुढच्या खेपेला जवाई फाटकात दिसल्यावर पदरानं पुसून फळीवर चढवलं.

जवाई म्हणजे किशोर, धाकट्या आरतीचा नवरा. अमरावतीला कॉलेजात शिकवायचा. दर महिन्याला मोबाइलवर त्याची यादी निघे: एक प्रवासाचं, एक इतिहासाचं, एक कोणाच्या तरी आयुष्याचं, एक तब्येतीचं, आणि एक डोंगरदऱ्यांत जीव धोक्यात घालणाऱ्याचं. कुठकुठल्या गावचे लोक त्या यादीची वाट बघत. पातूरच्या माळ्याच्या घरचा जवाई असा नावाजलेला, म्हणून मैनाबाई ती खोड गिळायची आणि बाजारात चारचौघींत मिरवायचीही.

यादीचा खरा भक्त होता तिचा थोरला, शेषराव. बारावी करून मळ्यात उतरला तो तिथलाच झाला. भाजीला पाणी सोडून बांधावर वाचत बसायचा. बर्फाच्या डोंगरावर अडकलेल्या माणसाची हकिगत त्यानं एका संध्याकाळी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता अशी रंगवली की मजूर बायांचे हातच थांबले. मैनाबाईनं बायांना झापलं. मग लेकाकडे न बघता विचारलं, "मंग वाचला का थो?"

तोवर बरं चाललं होतं. मग तब्येतीचं पुस्तक आलं.

शेषरावला शुगर होती. पुस्तक म्हणालं, गोळ्या हेच खरं दुखणं, शरीर आपला डॉक्टर आपणच असतं. त्यानं गोळ्या सोडल्या आणि घरात कोणाला कळू दिलं नाही. सकाळी कडू रस प्यायचा, तोंड वेडंवाकडं करायचा आणि दिवसभर खुशीत असायचा. वैशाखात पायात बाभळीचा काटा मोडला, तो त्याला जाणवलाच नाही. त्याच्या बायकोला, वच्छलाला, आधी वास आला. तिनं पाय धरून बघितला तर अंगठा काळा पडला होता.

अकोल्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. शुगर उतरल्याशिवाय टेबलावर घेता येणार नाही, त्यासाठी इन्सुलिन आत्ताच सुरू करायला हवं. उशीर झाला, विष वर चढलं, तर अंगठ्यावर भागणार नाही, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. आणि शेषराव तर हात पुढे करायला तयार नव्हता. इन्सुलिन घेतलं की माणूस जन्माचा गुलाम झाला, असं पुस्तकात होतं. पुस्तक उशाशी होतं. अंगात ताप, डोळे लाल, पण हट्ट शाबूत.

वच्छला पाया पडून थकली. मैनाबाईनं आधी शिव्या दिल्या, मग आपल्या गळ्याची शपथ घातली. त्यानं तिचा हात बाजूला केला.

"माय, तुले कायचं समजते यातलं? जवाईबापूनं हजार पुस्तकं वाचून हे एक देलं मले. उगाच देतीन का?"

मैनाबाईच्या डोक्यात मात्र वेगळंच फिरत होतं. जवाईबापूंनी पिशवीतून ते पुस्तक काढून दिलं तो दिवस तिला आठवला. वरून प्लास्टिक गच्च चिकटवलेलं होतं. निघेना म्हणून शेषरावनं दातानं फाडलं, आणि तिनं त्याला लहान पोरासारखं रागावलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. पण बंद पुडीतलं कोणी वाचू शकत नाही, एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही.

दुपारी अमरावतीहून आरती आणि किशोर दवाखान्यात आले. बाहेर ऊन असं की दाराच्या कडीला हात लावता येईना. अधिकाचा महिना चालू होता, धोंड्याचा. या महिन्यात जवाई म्हणजे नारायण. मैनाबाईनं घरी त्यांच्यासाठी अनारशाचं पीठ करून ठेवलं होतं, वाणाचं ताट घासून ठेवलं होतं. जवायासमोर तिनं आजवर आवाज चढवला नव्हता, तिच्या सासूनं नव्हता, त्या सासूच्या सासूनंही नसेल. आरती रडत होती. किशोर सांगू लागला, की लेखकाचं म्हणणं तसं अगदीच चुकीचं नाही, पण प्रत्येकाची प्रकृती...

मैनाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जवाईबापू, थे पुस्तक तुमी वाचलं होतं?"

किशोर चष्मा पुसू लागला. पुस्तकाचा खूप बोलबाला होता, म्हणाला. मागच्या पानावर मोठमोठ्या माणसांचे शब्द होते. दर महिन्याला पाच पुस्तकं म्हटल्यावर सगळी पुरती वाचणं कोणालाच जमत नाही, याद्या काढणारे सगळे तसंच करतात.

"वाचलं का नाई?"

"नाही."

आरतीचं रडणं थांबलं. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"मंग आत जा अन् हेच त्याले सांगा."

किशोर म्हणाला, त्यापेक्षा मी त्यांना नीट समजावतो, डॉक्टरांचं म्हणणं पटवून देतो.

"समजावू नोका," मैनाबाई म्हणाली. "समजावूनच झालं हे."

त्यानं काचेतून आत बघितलं. शेजारच्या खाटेजवळ बसलेला कुलदीप नावाचा तरुण लगबगीनं उठून हात जोडत होता. सरांच्या यादीची वाट बघणाऱ्यांतला होता. काचेतूनही त्याच्या ओठांवरचं "सर" दिसलं. किशोरचा पाय उचलेना. आतून डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. आता आणखी थांबता येणार नाही, असं ती मान सांगत होती. मैनाबाई दार धरून उभी राहिली. जवायाला तिनं ढकललं नाही, पण परत फिरायला वाटही ठेवली नाही.

किशोर खाटेशी गेला. एरवी छापल्यासारखं बोलणारा माणूस, त्याच्या तोंडून घरची भाषा निघाली.

"दादा, म्या थे पुस्तक नाई वाचलं."

शेषराव बघत राहिला. कुलदीपचे जोडलेले हात खाली आले.

"एकबी पान?"

"एकबी नाई."

"अन् थे बर्फाच्या डोंगराचं?"

किशोरनं मान खाली घातली. शेषरावनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तसाच पाठमोरा, उजवा हात सिस्टरपुढे लांब केला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. अंगठा गेला, शेजारचं बोट गेलं, पाय राहिला. वच्छला आत जाऊन बसली. बाहेर बाकावर मैनाबाई आणि जवाई, मध्ये आरतीची पर्स. पाय राहिला म्हटल्यावर किशोरला जरा धीर आला होता. कालचं त्याला खात असावं, कारण कोणी काही विचारलेलं नसताना तो बोलायला लागला. माझा हेतू वाईट नव्हता, म्हणाला. चांगलं असेल या भरवशावरच माणूस दुसऱ्यापुढे काही ठेवतो.

"आई, तुम्ही नैवेद्य दाखवता तो आधी चाखता का? न चाखताच ठेवता ना?"

मैनाबाई जवायाकडे कधी सरळ बघत नसे. आज बघितलं.

"न चाखता देवापुढंच ठेवतात, जवाईबापू. देव खात नाई म्हणून चालते. माह्या शेषरावनं खाल्लं."