शनिवारची दारं

दयानंदाचा राग म्हणजे काही विचारू नका. माणूस तसा सोन्यासारखा. आखातातल्या बरक्यात एसी दुरुस्तीचं वर्कशॉप सांभाळायचा, कुणाच्याही अडीनडीला धावून जायचा. पण एकदा का डोक्यात राख घातली की समोर बायको आहे की लेक, भान राहायचं नाही. मग तासाभराने शावर्मा घेऊन यायचा, पण 'चुकलं' म्हणायला जीभ उचलायची नाही. दर महिन्याला चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी गुडघे टेकून शपथ मात्र घ्यायचा, "देवा, आता खलास. पुन्हा नाही." आठवडा सरतो न सरतो तोच पुन्हा तेच!

त्या गुरुवारी दुपारी तो उन्हातून घरी आला, तर हॉलमधला एसी चालू आणि खिडकी सताड उघडी. तेही एसीवाल्याच्याच घरात! त्याने रिमोट उचलला आणि भिंतीवर असा आपटला की सेल सोफ्याखाली गेले. वर तोंडाचा पट्टा सुरू. त्याची लेक यशश्री तेव्हा आरशासमोर पांढरा ड्रेस अंगाला लावून बघत होती. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, मराठी उपासनेत तिचं दृढीकरण होतं. मोठ्यांबरोबर ती पहिल्यांदाच प्रभूच्या मेजाशी, प्रभुभोजनाला, जाणार होती.

तिने ड्रेसची घडी घातली. "मी उद्या जाणार नाही," ती अडखळत म्हणाली. "पप्पा एव्हरी मंथ त्या टेबलकडे जातात. घरी येऊन शाउट करतात. मला असं टेबल नको."

ती खोलीत निघून गेली. कलावतीने नवऱ्याकडे बघितलं, "ऐकलंत ना?" म्हणाली आणि स्वयंपाकघरात वळली.

दयानंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो खाली जाऊन गाडीत बसला, आणि कुठून कोण जाणे, त्याला नेवाशाकडच्या आपल्या गावातले शनिवार आठवले. रविवारी मेज असलं की आदल्या संध्याकाळी ख्रिस्ती देवळातून पेटीचे सूर यायचे, भजनांची तयारी चाललेली असायची, आणि बाबा धुतलेला सदरा घालून त्याचं बोट धरून निघायचे. महिन्याभरात ज्याच्याशी वाजलं असेल त्याच्या दारात उभं राहायचं, हात जोडायचे. "भाऊ, माझं चुकलं. उद्या मेज आहे, मन साफ कर." मग घरातून गूळपाणी यायचं. गूळ दयानंदाच्या हातावर पडायचा. काय दिवस होते ते! त्या गुळासाठी तो शनिवारची वाट बघायचा.

त्याने गावी आईला फोन लावला. "आई, बाबा कधी चिडायचे नाहीत. मला का नाही गं जमत?"

आई हसलीच. "न्हाय चिडायचा? आरं, त्यो लई तापट! भरलं ताट भिरकावायचा. दर महिन्याला दारं झिजवायची त्याला हौस व्हती व्हय? पहिलं दार तर आपलंच असायचं. तू अंगणात चपला शोधायचास, तवा त्यो चुलीपाशी माझ्याम्होरं हात जोडून उभा."

"मग सुटला का राग?"

"एका दिसात न्हाय सुटला. कमी कमी होत गेला. घरातनं निघताना म्हनायचा, प्रभू, मला एकट्याला झेपत न्हाय, तू चल संगं."

फोन ठेवला तरी दयानंद तसाच बसून होता. इतकी वर्षं तो देवापुढे गुपचूप शपथा घेत होता, आणि ज्यांना लागलं त्यांच्या दारी एकदाही गेला नव्हता. त्याची त्यालाच लाज वाटली. "प्रभू, मला एकट्याला झेपत नाही," तो मोठ्याने म्हणाला. "चल बरोबर."

स्वयंपाकघरात जाऊन तो हात जोडून उभा राहिला. "कला, माझं चुकलं. उद्या मेज आहे." कलावती त्याच मुलखातली, तिला सांगावं लागलं नाही. तिने डोळे पुसले आणि गुळाचा डबा काढला.

मग लेकीचं दार. एरवी तो ते ढकलूनच आत शिरायचा. आज त्याने वाजवलं.

"यशू, माझं चुकलं. माझ्यामुळे तू थांबू नकोस, मेजाशी जा. राग उद्यापासून जाईल असं खोटं नाही सांगत. पुढच्या महिन्यातही मला तुझ्या दारी यावं लागेल."

दार उघडलं. पोरीचे डोळे लाल झाले होते. काय उत्तर द्यायचं असतं हे तिला बिचारीला कुठून माहीत असणार? कलावतीने मागून येऊन तिच्या हातात गुळाचा खडा ठेवला. यशश्रीने आधी त्या खड्याकडे बघितलं, मग बापाकडे, आणि हात पुढे केला. दयानंदाने गूळ तोंडात घातला आणि एवढा मोठा माणूस दारातच हमसून रडायला लागला.

"नेक्स्ट मंथ ये," यशश्री म्हणाली. "पण असंच. दार वाजवून."